चंबू आणि गबाळे

‘चंबूगबाळे आटोपणे’ ह्या वाक्प्रचाराचा अर्थ आपणां बदलीवाल्यांना कोशात पाहावा लागत नाही. हुकूम हाती पडला की तो घरात आपोआप अमलात येऊ लागतो. परंतु ह्या जोडशब्दापाशी क्षणभर थांबले तर एक गंमत ध्यानात येते. चंबू म्हणजे अरुंद गळ्याचे धातूचे भांडे. ते आपला आकार सोडत नाही. वरून ओझे आले तरी आतला जिन्नस चेपू देत नाही. गबाळे म्हणजे फडक्यात बांधलेले बोचके. त्याला स्वतःचा आकार नाही. जागा मिळेल तसे ते बसते आणि आपटले तरी त्याचे काही बिघडत नाही. प्रवासाच्या सामानाच्या कठीण आणि मऊ अशा ह्या दोन जाती आपल्या भाषेने फार पूर्वीच ओळखल्या आणि एका समासात शेजारी शेजारी बसवल्या.

ह्या दोहोंतून कोणती निवडावी, हा वाद मोटारसायकलवरून लांबच्या सफरी करणाऱ्या मंडळींत आज मोठ्या हिरिरीने चालतो. एक पक्ष म्हणतो, मागल्या चाकाच्या दोन्ही अंगांना ॲल्युमिनियमच्या अथवा प्लॅस्टिकच्या कुलूपबंद पेट्या लावाव्यात. दुसरा म्हणतो, कापडी पिशव्या पट्ट्यांनी आवळून बांधाव्यात. हा केवळ बाजारहाटाचा प्रश्न आहे, अशीच माझीही समजूत होती. ती का पालटली हे सांगितल्यावाचून पुढचा इतिहास मी का धुंडाळला हे वाचकांस कळणार नाही. म्हणून आधी तेवढी हकिगत सांगतो.

मी दिल्लीत केंद्र सरकारच्या एका कार्यालयात कारकून आहे. पगारातून शिल्लक टाकून घेतलेली बुलेट ही माझी एकुलती एक चैन. लेहला जाण्याचे ठरले तेव्हा मी एका ट्रंका बनविणाऱ्या कारागिराकडून पत्र्याच्या दोन पेट्या मापाने करून घेतल्या. काम उत्तम होते. झाकणाला रबराची पट्टी, कड्या भक्कम, कोपऱ्यांना पितळ. चिरंजीवांना आजोळी ठेवून मी आणि सौ. निघालो. मनाली सोडून, केलाँग मागे टाकून आम्ही बारालाचा खिंडीच्या चढाला लागलो. त्या भागात उन्हे तापली की बर्फ वितळून ओढे रस्त्यावरून वाहू लागतात. सकाळी घोट्याइतके असलेले पाणी दुपारी गुडघ्याला लागते. अशाच एका ओढ्यापाशी सौ. उतरून दगडांवरून पलीकडे गेली आणि मी गाडी पाण्यात घातली. मध्यावर पुढले चाक गोट्यावरून घसरले. तोल सावरावा म्हणून मी डावा पाय खाली टेकला. पाऊल दोन दगडांमध्ये बसले, गाडी हातभर पुढे सरकली आणि पाठीमागून आलेल्या पेटीची कड पोटरीवर चढली. पुढचे मला आठवते ते एवढेच, की गाडी माझ्यावर आडवी होती आणि पाणी फार थंड होते.

मागून येणाऱ्या ट्रकवाल्यांनी गाडी उचलली. केलाँगच्या सरकारी इस्पितळात पायाला लाकडी फळी बांधली गेली. संध्याकाळी सौ.ने कोरडे कपडे काढण्यासाठी पेटी उघडली. आत पाण्याचा थेंब शिरला नव्हता. माझ्या सदऱ्याची इस्त्री मोडली नव्हती. पाय मात्र दोन ठिकाणी मोडला होता.

कारागिराला मी दोष देत नाही. पेटीने जे राखायचे म्हणून सांगितले होते ते चोख राखले. प्रश्न मला असा पडला, की ते राखण्याचे काम तिला सांगितले कोणी? प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून काढलेल्या दीड महिन्यात मी त्याचे उत्तर शोधू लागलो आणि शोधता शोधता मोटारसायकलच्या पुष्कळ मागे जाऊन पोचलो.

जनावराच्या पाठीवरून जोवर माणूस आणि माल जात होता तोवर सामान मऊच होते, आणि त्याला कारण होते. घोड्याची, बैलाची अथवा उंटाची पाठ सपाट नसते. ती चालताना हलते आणि कठीण कड लागली की सोलवटते. म्हणून मालाने जनावराचा आकार घ्यावा लागे. आपल्याकडची पडशी पाहावी: दोन्ही टोकांना दोन पिशव्या आणि मध्ये जोडपट्टी, खांद्यावर टाकली तर माणसाची आणि खोगिरावर टाकली तर घोड्याची. लमाणांच्या तांड्यांतील बैलांच्या पाठीवर धान्याच्या गोण्या अशाच दुबाजूंनी लोंबत. अमेरिकेत १८६० साली सुरू होऊन १८६१ साली बंद पडलेल्या ‘पोनी एक्सप्रेस’ ह्या घोडेस्वार टपालाची तऱ्हाही हीच होती. तिथे ‘मोचिला’ नावाचे चामड्याचे एक आच्छादन खोगिरावर पसरीत; त्याला चार कप्पे असत आणि त्यांत पत्रे. स्वार त्याच्यावरच बसे, त्यामुळे ते बांधावे लागत नसे. ठाणे आले की ते ओढून नव्या घोड्यावर टाकायचे आणि पुढे निघायचे. घोडा बदलायला लागणारा वेळ वाचविण्याची ती युक्ती होती आणि मऊपणावाचून ती साधली नसती.

सामान जड झाले म्हणजे काय होते, हे आपणां मराठी माणसांना निराळे सांगण्याची गरज नाही. दिल्लीहून अवघ्या नव्वद किलोमीटरांवर पानिपत आहे. १४ जानेवारी १७६१ च्या त्या संहारापूर्वी, कुटुंबकबिला, यात्रेकरू आणि अवजड सामान सुरक्षित ठिकाणी मागे ठेवावे आणि सड्या फौजेनिशी गनिमी काव्याने झुंजावे, असा सल्ला सूरजमल जाट आणि मल्हारराव होळकर ह्यांनी भाऊसाहेबांस दिल्याचे इतिहासात सांगितले जाते. सल्ला मानला गेला नाही. पराभवाची कारणे अनेक होती आणि त्यांचा निवाडा करण्याची माझी पात्रता नाही. पण ‘बुणगे’ हा शब्द त्या दिवसापासून मराठी मनात एक सल होऊन राहिला. स्वार चपळ असूनही त्याचे सामान त्याला चपळ राहू देत नाही, ही गोष्ट तेव्हापासून आपल्याला ठाऊक आहे.

कठीण पेटी पूर्वीही होती, पण ती घरात, गाड्यावर आणि जहाजावर. तिचे खरे राज्य सुरू झाले ते लोखंडी रुळांबरोबर. घोडागाडीच्या छपरावर ठेवण्याच्या जुन्या ट्रंकांची झाकणे कमानदार असत, म्हणजे पावसाचे पाणी ओघळून जाई. आगगाडीत सामान छपराखाली आले. आता पाणी ओघळण्यापेक्षा पेटीवर पेटी रचता येणे महत्त्वाचे ठरले. पॅरिसच्या लुई व्हितों ह्याने १८५८ साली सपाट झाकणाची ट्रंक बाजारात आणली, तिचे मर्म ह्यात आहे. आपल्याकडे पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास गेली. पुढल्या पिढ्यांत काळ्या रंगाची, पांढऱ्या अक्षरांत नाव आणि हुद्दा लिहिलेली पत्र्याची ट्रंक ही सरकारी नोकराची निशाणी बनली. तिच्या जोडीला गादी-उशी गुंडाळलेला होल्डॉल असेच. म्हणजे रेल्वेच्या फलाटावरही चंबू आणि गबाळे बरोबरच उतरत होते.

इथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. रेल्वेच्या युगात माणूस आणि त्याचे सामान एकमेकांपासून वेगळे झाले. माणूस बाकावर बसला, ट्रंक बाकाखाली अथवा मालाच्या डब्यात गेली. ट्रंकेला तिच्यावर रचलेल्या दुसऱ्या ट्रंकांपासून, हमालाच्या आपटण्यापासून आणि चोराच्या हातापासून जपायचे होते. धन्याच्या देहाशी तिचा संबंध उरला नव्हता. तिच्या कडा धारदार असल्या तरी बिघडत नव्हते. कठीण पेटीचे सगळे गुण ह्या वियोगातून आले आहेत.

मोटारसायकलने हा वियोग मोडला. स्वार आणि सामान पुन्हा एकाच पाठीवर आले, आणि तेही अशा वाहनावर, की जे थांबले तर स्वतः उभे राहू शकत नाही. घोडा तरी आपला तोल आपण सांभाळतो. दोन चाकांची गाडी पडते, आणि पडते तेव्हा स्वार, यंत्र आणि सामान ही तिन्ही बरोबरच पडतात. गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख ह्यांनी १८८५ साली लाकडी सांगाड्याची पहिली पेट्रोल-दुचाकी चालवली तेव्हा सामानाचा विचार कोणाच्या मनात आला नसावा. पण तिच्यावरून लोक दूर जाऊ लागताच हा पेच उभा राहिला आणि तो आजतागायत सुटलेला नाही.

आरंभीच्या पिढीने त्यावर काढलेला एक तोडगा म्हणजे तिसरे चाक. बाजूला साइडकार जोडली की गाडी पडत नाही आणि सामानाला स्वतंत्र घर मिळते. थेरेसा वॉलाक आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरन ह्या दोन इंग्रज तरुणी १९३४ च्या डिसेंबरात लंडनहून ‘पँथर’ मोटारसायकलवर निघाल्या आणि सहारा ओलांडून १९३५ च्या जुलैमध्ये केपटाउनला पोचल्या. त्यांच्या गाडीला साइडकार होती, आणि तिच्यामागे सामानाचा एक छोटा गाडाही जोडलेला होता. सडकेवर तो गाडा मोठा सोयीचा. वाळवंटात मात्र वाळूत रुतणाऱ्या चाकांत आणखी दोहोंची भर. सामानाला स्वतंत्र घर दिले की त्या घराचाही भार ओढावा लागतो.

दुसरी वाट पत्करली रॉबर्ट एडिसन फुल्टन ह्या अमेरिकन तरुणाने. शिक्षणाने तो वास्तुशिल्पी. १९३२ साली लंडनहून ‘डग्लस’ बनावटीच्या एकट्या दुचाकीवर तो निघाला. तुर्कस्तान, इराक, हिंदुस्थान, चीन, जपान असा प्रवास करून १९३३ च्या अखेरीस न्यूयॉर्कला पोचला. १९३७ साली त्याने ह्या प्रवासावर पुस्तक लिहिले, त्याचे नाव ‘वन मॅन कॅरव्हॅन’, म्हणजे एका माणसाचा तांडा. नावातच सारे आले. तांड्यातले प्रत्येक ओझे ज्याच्या त्याच्या बैलाच्या पाठीवर असते. इथे बैलही एक आणि लमाणही एक.

नंतर आलेल्या महायुद्धाने ह्या प्रश्नाचे उत्तर हुकमाने देऊन टाकले. ब्रिटिश सैन्यातील डाकस्वारांच्या बीएसए एम-२० आणि नॉर्टन १६-एच गाड्यांच्या मागल्या चाकाशी लोखंडी चौकट असे आणि तिच्यात जाड किंतानासारख्या कॅनव्हासच्या थैल्या बसवलेल्या असत. अमेरिकन सैन्याच्या हार्ले-डेव्हिडसन डब्ल्यूएलएवर चामड्याच्या थैल्या असत, थेट घोडदळाच्या खोगीरथैल्यांच्या वळणाच्या. ज्यांना अंधारात, दिवे झाकून, बाँबने उखडलेल्या रस्त्यांवरून जायचे होते आणि पडणे ज्यांच्या नोकरीचाच भाग होता, त्यांच्या गाड्यांवर दोन्ही सैन्यांनी मऊ सामान दिले. ह्यात काटकसरही असेल. तरी हा योगायोगच होता असे मला वाटत नाही.

मग युद्ध संपले आणि रस्ते सुधारू लागले. इंग्लंडात एम-१ हा मोटारमार्ग १९५९ साली खुला झाला. अमेरिकेत १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचे जाळे विणायला प्रारंभ झाला. त्याच सुमारास काचतंतू आणि राळ ह्यांच्या मिश्रणापासून हलके, न गंजणारे कवच घडविण्याची कला हाती आली होती. इंग्लंडात केन क्रेव्हन ह्या मोटारसायकलस्वाराने १९५० नंतरच्या दशकात फायबरग्लासच्या बाजूपेट्या करून विकायला आरंभ केला. स्वतः दूरचे प्रवास करणारा हा मनुष्य. आपल्या गरजेतून त्याने एक धंदा उभा केला. पुढे १९७० नंतर जर्मनीत मायकेल क्राउझरच्या, झटक्यासरशी काढता येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पेट्या निघाल्या. मुक्कामी पोचावे, खटका दाबावा आणि बॅग हातात घेऊन हॉटेलात शिरावे, ही सोय लोकांना फार आवडली. होंडा कंपनीने १९८० साली आपल्या ‘गोल्ड विंग’ गाडीला कारखान्यातच पेट्या बसवून जो नवा नमुना विकायला काढला, त्याचे नाव ठेवले ‘इंटरस्टेट’. ज्या रस्त्याने पेटीला जन्म दिला त्या रस्त्याचेच नाव गाडीवर आले! रस्ता कठीण झाला की सामान कठीण होते, हा माझा सिद्धांत ह्याहून थोडक्यात मांडता येणार नाही.

पण माणसाचा स्वभाव असा, की पक्का रस्ता मिळाला की त्याला कच्च्याची ओढ लागते. पॅरिस-डकार ही शर्यत १९७८ च्या डिसेंबरात प्रथम सुरू झाली. बीएमडब्ल्यूने १९८० साली ‘आर ८० जीएस’ ही सडक आणि माळ दोन्ही तुडवणारी गाडी काढली. सहारा ओलांडायला निघणारे युरोपीय प्रवासी ॲल्युमिनियमच्या चौकोनी पेट्या वापरू लागले. वाळवंटापुरती ही निवड अगदीच अविचाराची नव्हती. ॲल्युमिनियमला पोचा आला तर दगडाने ठोकून सरळ करता येतो. मुक्कामी पेटीचे बाक होते, मेज होते, चूल मांडायला आडोसा होतो. २००४ साली इवान मॅकग्रेगर आणि चार्ली बूरमन हे दोन नट बीएमडब्ल्यू गाड्यांवर लंडनहून न्यूयॉर्कला पूर्वेच्या मार्गाने गेले. त्यांच्या प्रवासाची चित्रमालिका जगभर पाहिली गेली आणि चंदेरी पेट्या हे दूरच्या प्रवाशाचे जणू राजचिन्ह ठरले. त्याच मालिकेत मंगोलियाच्या चिखलात त्या भारलेल्या गाड्या पुन्हा पुन्हा आडव्या होताना आणि स्वार मेटाकुटीला येताना दिसतात. त्यांच्या छायाचित्रकाराची गाडी मोडली, तेव्हा तिच्या जागी त्यांनी तिथेच एक साधी रशियन मोटारसायकल विकत घेतली. ती हलकी गाडी त्या भूमीवर बरी चालली. पाहणाऱ्यांनी मात्र पेट्या ध्यानात ठेवल्या आणि चिखल विसरला.

सगळेच विसरले नाहीत. गेल्या पंधरा-वीस वर्षांत कापडाचा पक्ष पुन्हा उभा राहिला आहे आणि ह्या वेळी तो जुन्या किंतानावर अवलंबून नाही. १८२३ साली चार्ल्स मॅकिंटॉशने दोन कापडांमध्ये रबराचा थर देऊन पाणी न शिरणारे वस्त्र केले. १९३५ साली अमेरिकेत वॉलेस कॅरदर्सच्या प्रयोगशाळेत नायलॉन तयार झाले. ह्या दोन शोधांची संतती म्हणजे आजच्या पिशव्या: बाहेर जाड नायलॉनचे घासण्यास दाद न देणारे कवच, आत जलाभेद्य पिशवी आणि तिचे तोंड तीन-चार वेळा गुंडाळून बकल लावायचे, म्हणजे पाणी शिरण्यास फट नाही. ऑरेगॉनमधील जायंट लूप ह्या कंपनीची एक पिशवी घोड्याच्या नालासारखी आहे. ती आसनाच्या मागल्या भागावर टाकली की दोन्ही टोके दोन बाजूंस उतरतात. तिचे चित्र प्रथम पाहिले तेव्हा मला हसू आले. ती आपली पडशीच होती, समुद्रापार जाऊन नवे कापड नेसून आलेली.

हिंदुस्थानात ह्या कथेला स्वतःचे वळण आहे. १९५५ साली इंग्लंडच्या रॉयल एन्फील्डने मद्रास मोटर्सशी भागीदारी केली आणि लष्करासाठी पसंत झालेली बुलेट मद्रासेत तयार होऊ लागली. इंग्लंडात तो नमुना कधीच बंद पडला. इथे तो सीमेवरच्या गस्तीत, पोलिसांत आणि दूधवाल्यांत रुजला. दूधवाल्यांनी बुलेटच्या दोन्ही अंगांना लोखंडी कड्यांतून कॅन अडकवले, ते आपले देशी कठीण सामान. नागरी प्रवाशांसाठी मनाली-लेह मार्ग १९८९ साली खुला झाला आणि हिमालयाच्या वाऱ्या सुरू झाल्या. तांदीच्या पेट्रोलपंपावर, पुढला पंप ३६५ किलोमीटरांवर, अशी पाटी होती. तिने कित्येक स्वारांना पेट्रोलचे डबे बरोबर घ्यायला लावले. दिल्लीच्या करोलबागेत मागल्या चाकाभोवती बसवायची नळ्यांची एक चौकट मिळते, तिला दुकानदार ‘लडाख कॅरिअर’ म्हणतात. एका अंगास पेट्रोलचा डबा, दुसऱ्या अंगास पिशवी, वर दोरीने आवळलेला तंबू. प्रदेशाचे नाव लोखंडाच्या सामानाला लागावे, हा त्या वाटेचा केवढा दरारा!

आता ह्या इतिहासाच्या उजेडात दोन्ही पक्षांची बाजू पाहू. पेटीचे गुण नाकारण्यात अर्थ नाही. शहरात गाडी उभी करून कचेरीत किंवा देवळात जायचे तर कुलूप पाहिजे. पिशवीचे पोट फाडायला चाकू पुरतो. पाऊस असो, धूळ असो, पेटी उघडायला आणि मिटायला निमिष लागते, तर पिशवीचे पट्टे सोडता बांधता बोटे आखडतात. पिशवी नीट आवळली नाही तर धुराड्याला टेकून वितळते, आणि सुटलेला पट्टा चाकात गेला तर अनर्थ ओढवतो. उलटपक्षी, ॲल्युमिनियमच्या दोन पेट्या आणि त्यांची चौकट मिळून रिकाम्याच पंधरा-वीस किलो भरतात. पिशव्यांचे वजन त्याच्या निम्म्याहूनही कमी. पेट्यांनी गाडीची रुंदी वाढते आणि ट्रकांच्या रांगेतून वाट काढताना ती स्वाराच्या ध्यानात राहत नाही. गाडी पडली म्हणजे पेटीला बसलेला धक्का चौकटीला, आणि चौकटीतून गाडीच्या सांगाड्याला पोचतो. ॲल्युमिनियमचा सांधा तुटला तर तो जोडणारा कारागीर खेड्यात भेटत नाही. फाटलेली पिशवी शिवणारा मोची अथवा शिंपी जिथे वस्ती आहे तिथे आहेच.

ही वजाबाकी कोणीही करील. पण ह्या यादीत एक रकाना असा आहे, की जो इतरांच्या पंक्तीत बसत नाही. पेटीचा प्रत्येक गुण वस्तूंच्या बाजूचा आहे: वस्तू कोरड्या राहतात, चोरीस जात नाहीत, मोडत नाहीत. पिशवीचा एक गुण माणसाच्या बाजूचा आहे. गाडी आडवी झाली आणि पाय खाली सापडला तर पिशवी दबते. आतला डबा चेपेल, कपडे भिजतील, पण हाडाला जागा मिळण्याचा संभव राहतो. पेटी दबत नाही, म्हणून दुसऱ्या कोणाला तरी दबावे लागते. पेटी हे रेल्वेच्या युगाचे अपत्य आहे. धन्यापासून दूर, मालाच्या डब्यात राहून वस्तू राखण्यासाठी ती घडली. तिला आपण घोड्याच्या पाठीवर, स्वाराच्या पोटरीशेजारी आणून बसवले. बारालाचाच्या पायथ्याशी माझी जी चूक झाली ती हीच होती, आणि ती करण्यात मी एकटा नव्हतो.

प्लास्टर निघाल्यावर मी काठी टेकीत आमच्या वसाहतीतल्या एका वृद्ध गृहस्थांकडे गेलो. ते साताऱ्याकडचे, सिग्नल्समधून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि मुलाच्या नोकरीमुळे दिल्लीत राहिले. तरुणपणी त्यांनी डाकस्वार म्हणून बुलेट हाकली होती. माझी सारी हकिगत आणि वर हा इतिहास त्यांनी शांतपणे ऐकून घेतला.

“सुभेदारसाहेब, तुम्ही सामान कसे बांधीत होता?” मी विचारले.

“सामान कुठलं आलंय? कागदाची थैली अंगावर, छातीशी. गाडी गेली तरी कागद गेला नाही पाहिजे. बाकी जे काय ते मागं, कापडात.” मग माझ्या पायाकडे पाहून ते म्हणाले, “गाडी पडणार, हे धरूनच बांधाबांध करायची असती, राव. पडणारच नाही म्हणून बांधलं, की मग असं होतं.”

दीड महिना खपून मी जे शोधले होते ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितले. ट्रंक बांधणारा माणूस गाडी पडणार नाही असे धरून चालतो, आणि रेल्वेच्या बाबतीत ते बहुधा खरेच असते. महामार्गावरून मोठ्या गाडीने जाणाऱ्याच्या बाबतीतही ते पुष्कळ अंशी खरे आहे. दिल्लीहून जयपूरला जाणाऱ्याने पेट्या लावल्या तर त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. जिथे रस्ता संपतो तिथे मात्र हे गृहीत धरणे संपवावे लागते.

पुढल्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा गेलो, ह्या वेळी किन्नौर आणि स्पितीकडून. सौ.ने आधी साफ नकार दिला होता. सामान कसे असेल हे ती ठरवील ह्या अटीवर ती तयार झाली. तिने ठरवलेली मांडणी अशी: दोन्ही बाजूंना, पायांजवळ, कापडी पिशव्या, त्यांत कपडे, पांघरुणे, मऊ असे सर्व काही. मागे मध्यभागी, जिथे कोणाचाही पाय पोचत नाही तिथे, एक लहान कुलूपबंद पेटी. तिच्यात औषधे, कॅमेरा आणि हत्यारे. ती हलकीच ठेवायची, कारण इतक्या मागे आणि इतक्या उंच जड ओझे ठेवले तर पुढले चाक हलके पडते आणि गाडी डगमगते. पैसे आणि कागदपत्रे सुभेदारसाहेबांच्या रीतीने अंगावर. नाकोच्या अलीकडे सैल मुरुमावर गाडी एकदा कललीच. डावी पिशवी खाली आली, पायही तिच्याखाली आला, आणि मी तो ओढून काढला. पिशवीतला पोह्यांचा डबा चेपला होता. रात्री ते पोहे आम्ही मिटक्या मारीत खाल्ले.

मग माझ्या ध्यानात आले, की ह्या वादाचा निकाल आपल्या भाषेने केव्हाच देऊन ठेवला होता. तिने चंबूही ठेवला आणि गबाळेही ठेवले. कोणते कुठे बांधावे एवढा विचार तेवढा आपल्यावर सोपवला.

त्या दोन पत्र्याच्या पेट्या अजून घरी आहेत. एकीत चिरंजीवांची जुनी पुस्तके आणि दुसरीत हिवाळ्याच्या रजया ठेवल्या आहेत. पितळेचे कोपरे सौ. दिवाळीला चिंचेने घासते. बदलीचा हुकूम कधीही येईल. आला म्हणजे त्यांवर पांढऱ्या रंगाने नाव घालून त्या रेल्वेने पुढे पाठवायच्या आहेत. मालाच्या डब्यात त्यांच्यावर कितीही ओझे रचले तरी त्या दबणार नाहीत, आणि तिथे कोणाचा पायही असणार नाही.